नाताळाआधीचे पाच आठवडे लेकीच्या घरी

निवृत्त_बाई (१८ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी फैजपूरजवळच्या एका गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मागच्या वर्षी १६ नोव्हेंबरला जर्मनीत स्टुटगार्टला लेकीकडे गेले आणि २० डिसेंबरला परत निघाले. म्हणजे नाताळची सगळी तयारी पाहिली, नाताळ मात्र नाही, कारण त्या आठवड्यात तिकिटं फार महाग होती. यंदाही बऱ्याच जणी त्याच दिवसांत निघाल्या आहेत म्हणून लिहिते आहे. व्हिसा, विमा, बॅगेचं वजन सगळे सांगतात. दिवस कसा जातो ते मला जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

एकटीच गेले. आमच्याकडे तेव्हा कापसाची वेचणी चालू होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, त्यामुळे हे घरीच थांबले. लेकीची नोकरी नवी, जावईबापू आठवड्यातले तीन दिवस बाहेरगावी, नात सात वर्षांची. लेक म्हणाली, "आई, तू ये आणि फक्त आराम कर. कशालाही हात लावू नको."

पहिले दहा दिवस त्या एका वाक्याने माझा जीव घेतला. लेक मनापासून म्हणाली होती, तिला दोष नाही. पण सकाळी आठला सगळे घराबाहेर पडत आणि मी खिडकीशी बसे. उजाडतंच आठच्या सुमाराला. दुपारी साडेचारला दिवेलागण. आपल्याकडे साडेचारला वेचणीच्या बाया अजून शेतातच असतात, उन्हं पुरती कललेलीही नसतात. फोन करावा तर तिथले पाच म्हणजे आपल्याकडचे साडेनऊ, यांचं जेवण होऊन अंथरूण पडलेलं. मी घड्याळाकडे बघायची आणि मनात म्हणायची, आता शाळेची मधली सुटी झाली असेल, आता गावात दूध घालायला गेले असतील. अकराव्या दिवशी रात्री लेकीसमोर रडले आणि म्हणाले, मला परत पाठव.

तिने विचारलं, आई, तुला नेमकं काय होतंय? मला सांगता येईना. मग म्हटलं, मला या घरात माझं असं एकही काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर एक छोटी पाटी लटकलेली दिसली. त्या भागात एक पद्धत आहे, केरवोखं म्हणतात. इमारतीच्या जिन्याचा, पायरीपुढच्या फरशीचा केर काढायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. लेकीचं तोंड उतरलं, आधीच तिची ओढाताण. मी म्हटलं, ही पाटी माझी. मंडळी, मी तो जिना असा झाडला जसं लहानपणी आईच्या हाताखाली अंगण झाडायची. वरपासून खालपर्यंत, कोपरे काढून, मग ओल्या फडक्याने. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. मला एक शब्द कळला नाही, पण त्यांनी पायरीवर बोट फिरवून दाखवलं आणि मान डोलावली. त्या क्षणापासून मला तिथे बरं वाटायला लागलं.

मग मी आणखी कामं मागून घेतली. नातीला शाळेनंतर आणणं (तीन दिवस लेक बरोबर आली, मग मी एकटी). पोळ्या. आणि संध्याकाळी पाचपासून सात, तो सगळ्यात काळोखी वेळ, नातीला मराठी वाचायला शिकवणं. वीस डिसेंबरपर्यंत ती जोडाक्षरं सोडून सगळं वाचायला लागली.

१ डिसेंबरला, रविवारी, त्यांचा अ‍ॅडव्हेंट सुरू झाला. नाताळाआधीचे चार रविवार. सदाहरित डहाळ्यांचं एक कडं असतं, त्यावर चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशा वाढवत न्यायच्या. आणि दुसऱ्याच दिवशी, २ तारखेला, मार्गशीर्ष प्रतिपदा, म्हणजे आमच्या खंडोबाचं षड्रात्र बसलं. आमच्याकडे घटावर रोज एक माळ वाढते. नातीने विचारलं, आजी, तुझी माळ रोज आणि आमची मेणबत्ती आठवड्याने, असं का? मी म्हटलं, आपला देव सहा दिवसांत येतो, त्यांचा चार आठवडे चालत येतो. तिला ते पटलं. एकाच टेबलावर कडं आणि घट शेजारी शेजारी होते.

५ तारखेच्या रात्री पोरं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस. नातीने स्वतःच्या बुटांशेजारी माझी चप्पल ठेवली. सकाळी त्यात दोन संत्री, चार अक्रोड आणि एक चॉकलेट. माझ्या वयाच्या बाईच्या चपलेत कुणी खाऊ ठेवला नव्हता. ते अक्रोड मी अजून फोडलेले नाहीत, देवघरात आहेत.

आणि ७ ला चंपाषष्ठी. आषाढीपासून घरात वांगं शिजत नाही आमच्याकडे, त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुटतं. आता भरताची हिरवी वांगी तिथे कुठली? तुर्की दुकानातून लांबट जांभळी आणली. कपाशीच्या काड्यांचा जाळ नाही, साधी ज्योतसुद्धा नाही, काचेची शेगडी. ओव्हनमध्ये भाजली. मिरच्या तव्यावर भाजायला घेतल्या आणि छतावरचा धुराचा अलार्म वाजायला लागला. असा आवाज की नात कानांवर हात ठेवून पलंगाखाली गेली. लेक खुर्चीवर चढून पंचाने वारा घालते आहे, मी खिडक्या उघडते आहे, आणि दारात खालच्या आजी, हातात बादली.

त्यांना आत बसवलं. बडगी नव्हती, लाकडी वाडग्यात वांगी ठेचली. कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, वरून तेल. तळी उचलली, येळकोट केला. आजी उभ्या राहून हात जोडून बघत होत्या. त्यांनी भरीत त्यांच्या काळ्या पावाबरोबर खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या चेरीच्या दोन वाळक्या काड्या घेऊन आल्या. लेकीने समजावून सांगितलं: ४ डिसेंबर, संत बार्बराचा दिवस. त्या दिवशी चेरीच्या डहाळ्या तोडून घरात पाण्यात ठेवतात, नाताळपर्यंत त्यांना फुलं येतात. मी निघाले तेव्हा कळ्या जेमतेम फुगल्या होत्या. २४ ला लेकीने फोटो पाठवला. पांढरी फुलं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

भुसावळ_जंक्शन

बाई, वाचून समाधान वाटलं. मी रेल्वेतून निवृत्त, मुलाकडे जर्मनीत दोनदा जाऊन आलो. कागदांचं मी सांगतो, म्हणजे तुम्ही बाकीचं सांगायला मोकळ्या.

शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, दिवाळीनंतर जायचं तर गणपतीतच करा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आपल्याला आधीपासून असलेलं दुखणं, बीपी असो की साखर, त्यात धरलं आहे का ते वाचून घ्या. स्वस्तातला विमा तिथेच हात वर करतो. मुलगा खर्चाची हमी घेणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढून मूळ प्रत पाठवायची. १२ ऑक्टोबरपासून तिथल्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. त्यामुळे पुढचं विमान किंवा गाडी अगदी लागून घेऊ नका.

सामान: दूध-तूप-पेढे-खवा-मांस काहीही युरोपात नेता येत नाही. घरचं तूप पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत काढून ठेवलं, फार वाईट वाटलं. ताजी फळं-भाज्या न्यायला रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, मात्र पाच फळांना त्यातून सूट आहे: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे आपल्या रावेर-यावलची केळी बिनदिक्कत नेता येतात. दुसऱ्या वेळी मी कच्ची दोन डझन कागदात गुंडाळून नेली. मुलाने पहिलं केळं सोललं आणि वास घेत बसला.

सुकं खोबरं मात्र नेऊ नका. त्यात तेल असतं म्हणून विमानात ते ज्वलनशील मालात धरतात. काळा मसाला घरी करूनच न्या.

विमानतळावर चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. पैसे पडत नाहीत. पाय धड असले तरी घ्या, एकटं माणूस चुकत नाही.

---

तापीकाठचा

बाईंचा अनुभव चांगला आला, आनंद आहे. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. आईबापाने डिसेंबरात जाऊ नये.

मी शहादा तालुक्यातला. मुलगा इंग्लंडात. २०२३ ला आम्ही दोघं नोव्हेंबरअखेर गेलो. रोज पाऊस, चारच्या आत अंधार, सौभाग्यवतीचे गुडघे धरले. एक दिवस ऊन पडलं तर सगळी गल्ली बाहेर आलेली. इकडे शेतात कपाशी फुटलेली, सालदारावर सोपवून गेलो होतो. पंपाची लाईट रात्रीची, पोरगं एकटं रात्री दोनला बारे द्यायला जायचं, आणि मी तिकडे गादीवर. झोप लागत नसे. २५ डिसेंबरला तिथे आगगाड्या धावत नाहीत, बहुतेक ठिकाणी बस नाही, दुकान नाही. सौभाग्यवतीला त्या दिवशी ताप भरला, मुलाची गाडी गॅरेजात. शेजाऱ्याने औषध आणून दिलं म्हणून निभावलं.

आणि मला सारंगखेड्याची यात्रा चुकली. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, आयुष्यात चुकवलेला नव्हता. भावाने फोनवरून घोडे दाखवले. हिणहिणणं ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

मे-जूनमध्ये जा. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर, शेत मोकळं, आणि तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड. म्हाताऱ्या माणसाने उजेडात जावं.

---

निवृत्त_बाई

भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं, विशेषतः शेताचं. यांना सोडून जाताना माझाही पाय निघत नव्हता. पण मे महिन्यात लेकीला आपली तेवढी गरज नसते हो. नोव्हेंबर-डिसेंबरात ती पार दमलेली असते. नातीच्या शाळेत रोज काहीतरी, ऑफिसात वर्षअखेर, त्यात काळोख तिलाही खातोच, फक्त ती बोलत नाही. मी तिथे असताना एका रात्री ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर नुसती पडून राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा. ते मे महिन्यात झालं नसतं असं मला वाटतं.

गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र तुमचंच ऐकावं.

---

अमळनेरनी_माय

बाई, तुम्हनं लिखेल वाचीसन डोयामा पानी उनं. मना आंडोर दुबईले शे. तठे थंडी नही, अंधारं नही, पन एकटं तितलंच वाटस. एक सांगस, खसखस कोनीच लई जाऊ नका, तठे ती बंद शे, पकडतस. कळण्यानं पीठ, बिबडा, मिरचीना ठेचा बठ्ठं चालनं.

---

चोपड्याची_लेक_म्युनिकची_सून

आतापर्यंत सगळे जाणाऱ्यांच्या बाजूने बोलले. मी ज्यांच्या घरी माणसं येतात त्यांच्यापैकी. आधीच सांगते, सासूबाईंवर माझा जीव आहे आणि यंदाही त्या येणार आहेत.

पहिल्या वेळी त्या आल्या तेव्हा मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघर बदललेलं. डबे दुसरीकडे, मसाल्याचा कप्पा रिकामा करून पुसलेला, मुलांच्या अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरच्या चोवीस पुड्या (१ ते २४ डिसेंबर रोज एक उघडायची), ज्या मी आठवडाभर रात्री जागून भरल्या होत्या, त्या एका पिशवीत एकत्र. त्यांना वाटलं पसारा आहे. मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांना कळलंच नाही काय चुकलं आणि त्याही रात्री जेवल्या नाहीत. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

शेवटी त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तेव्हा माझ्या सासूने मला चुलीला हात लावू दिला नव्हता. मी तुझ्याशी उलटं करायला गेले, पण तेच झालं." मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. खालचा एक कप्पा आणि एक गॅस, म्हणजे शेगडीचा एक भाग, त्यांचा. बाकी कुठे काही हलवायचं तर विचारायचं. रविवारी सकाळचे दोन तास मी नवऱ्याबरोबर एकटी बाहेर जायचं, पोरं त्यांच्याकडे. रविवारी इथे दुकानं बंद, शांतता पाळावी लागते, खलबत्त्याचा आवाजसुद्धा शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून कुटणं-वाटणं शनिवारी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांना ट्रामचा महिन्याचा पास काढून दिला. एकच मार्ग शिकवला, घर ते नाताळचा बाजार आणि परत. खिशात पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी. चौथ्या दिवशी त्या एकट्या जाऊन आल्या आणि पोरांसाठी भाजलेले बदाम घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बाजारात गरम मसालेदार वाईन सगळीकडे असते, न पिणाऱ्यांनी पोरांसाठीचा गरम फळांचा रस मागावा. कपाची अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत.

लेकीच्या घरी आई रडून सांगू शकते. सुनेच्या घरी सासू सांगत नाही, सूनही सांगत नाही. म्हणून पहिल्याच दोन दिवसांत बोलून घ्या. पाहुणी म्हणून दोन दिवस ठीक. पाच आठवडे कुणी पाहुणं राहू शकत नाही.

---

पारोळेकरीण

ताई, तुमचं वाचून मी रात्रभर विचार केला. मी २२ नोव्हेंबरला मुलाकडे फ्रँकफर्टला निघते आहे, पहिल्यांदाच. सून नागपूरकडची, चांगली आहे, पण आम्ही दोघी एका छताखाली आठ दिवसांपेक्षा जास्त राहिलेलो नाही. यंदा चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मी पोचून चारच दिवस झालेले असणार. आल्या आल्या तिच्या घरात धूर करू का? आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय? माझे गुरुवार तेवीस वर्षांत मोडले नाहीत. पाच डहाळ्या तिथे थंडीत कुठून आणायच्या?

---

निवृत्त_बाई

ताई, भरीत करा. फक्त एकटीने करू नका. तिला सांगा, माझ्याकडे हे असं असतं, तुझ्याकडे काय असतं? नागपूरकडेही चंपाषष्ठीला वांग्याचं काहीतरी करत असतीलच, ते तिच्याकडून शिका. मिरच्या भाजताना खिडकी आधीच उघडा, शेगडीवरचा पंखा मोठा करा, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या म्हणजे धूर बाहेरच्या खोलीत जात नाही.

गुरुवारचं माझंही तसंच झालं. झाडं सगळी बोडकी. मी सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या घेतल्या, त्या दिवसांत बाजारात गठ्ठ्याने मिळतात, त्यांच्या सणासाठीच असतात त्या. आयव्ही नावाच्या वेलीची पानं बागेच्या कुंपणावर हिरवी असतात. पाच प्रकार जमले. नारळ बरोबर नेला होता. देवीला ती पानं आवडली असतील की नाही असा विचार मनात आला, मग वाटलं, तिच्या भूमीवर जे हिरवं आहे तेच ती घेणार.

---

तापीकाठचा

पारोळ्याच्या ताई, सुखरूप जाऊन या. पायात लोकरीचे मोजे दोन-दोन घाला, घरात सुद्धा. आणि चालताना फुटपाथवर पाणी दिसलं तर ते पाणी नाही, बर्फ आहे असं समजून पाय टाका. आमची तिथेच पडली होती.

---

पारोळेकरीण (१० डिसेंबर २०२५)

पोचले त्याला अठरा दिवस झाले, आता लिहायला सवड मिळाली.

केळी सुखरूप आली. भरीत झालं. वांगी मी सोलली, फोडणी सूनबाईने दिली, तिच्या आईच्या पद्धतीने, त्यात तिने टोमॅटो घातला. आमच्याकडे घालत नाहीत. नैवेद्याला मी बिनटोमॅटोचं थोडं आधी काढून ठेवलं होतं, ते तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. जेवताना मात्र माझ्या ताटात तिनेच दोन्ही वाढलं.

पहिल्या आठवड्यात काळोखाने मलाही घाबरवलं. मग तुमचं आठवून काम मागितलं. तिने मला मुलाचे सगळे शर्ट दिले बटणं लावायला, वर्षभराचे साठलेले. चौदा शर्ट. रोज संध्याकाळी पाचला खिडकीतल्या मेणबत्त्यांच्या उजेडात, शेजारी ती लॅपटॉप घेऊन बसते आणि मी बटणं लावते. बोलणं फारसं होत नाही. पण परवा मी उठून गेले तर तिने विचारलं, आई, कुठे चाललात, बसा ना.

उद्या माझा इथला तिसरा गुरुवार. आत्ता ऑफिसातून येताना ती डहाळ्या घेऊन आली आहे. सात प्रकारच्या. म्हणाली, "पाच पुरे असतात ना, पण कुठल्या चालतात ते माहीत नव्हतं, म्हणून जास्त आणल्या." त्या आता न्हाणीघरात बादलीत पाण्यात ठेवल्या आहेत.